पायऱ्या : शून्य

"काका, तुमच्या हिरव्या ठिपक्यासमोर बसलेय मी. बाहेर."

सकाळी साडेदहाला हा फोन आला. आवाज ओळखीचा, पण एकेक शब्द चावून टाकल्यासारखा. बोलणारी मुलगी खराडीच्या एका कंपनीत संगणकाचं काम करते, व्हीलचेअर वापरते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यासारख्या दहा-बारा रिकामटेकड्यांना हाताशी धरून पुण्याचा नकाशा बनवते. मोबाइलवर उघडणारा नकाशा. दुकान, दवाखाना, बँक, नाट्यगृह, जिथे चाकाच्या खुर्चीतला माणूस कुणाच्या मदतीवाचून आत जाऊ शकतो तिथे हिरवा ठिपका. कुणी हात दिला तर जमेल, तिथे पिवळा. जमतच नाही, तिथे लाल. पुण्यात लाल ठिपक्यांची लागवड करावी लागत नाही, ते आपोआप उगवतात. त्यामुळे कुणी हिरवा ठिपका आणला की आमच्या गटात त्याचं कौतुक व्हायचं. सगळ्यात जास्त हिरवे ठिपके माझे होते.

तर त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. नकाशात बघून तिने आमच्या भागातला एक दंतवैद्य शोधला, खराडीहून पाऊण तास गाडीत बसून आली आणि दारात अडकली. त्या दवाखान्याची नोंद माझी होती. पायऱ्या : शून्य. दार रुंद. थेट आत.

"अहो, शक्यच नाही," मी म्हणालो. "मी स्वतः बघितलंय. तिथे पायरीच नाही."

"या तुम्ही," ती म्हणाली.

मी स्कूटर काढली. मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर कांद्याचा एक ट्रक आडवा झाला होता, तिथे दहा मिनिटं मनातल्या मनात मी तिच्याशी भांडत होतो. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली. खडकवासल्याखालच्या कालव्यांवर उन्हातान्हात दुर्बीण लावून पातळ्या मोजल्या. कालव्याचा तळ दोन मिलिमीटरने चुकला तर पुढच्या गावात पाणी पोचत नाही, हे मी नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं. चाकाचा आणि पाण्याचा स्वभाव एकच, दोघंही आपणहून चढत नाहीत. म्हणून तर निवृत्तीनंतर हे काम मला माझंच वाटलं होतं. आणि ही मुलगी मला पातळी शिकवणार?

दवाखान्याच्या दारात ती गालाला रुमाल लावून बसली होती. शेजारी तिथली एक बाई ओशाळून उभी होती. खुर्चीची पुढची छोटी चाकं दाराशी टेकली होती. मी खाली बघितलं. दाराच्या चौकटीला दोन-सव्वादोन इंचांचा संगमरवरी पट्टा होता.

"ही पायरी नाही?" तिने विचारलं.

"हा उंबरा आहे," मी म्हणालो.

अगदी सहज म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग रुमाल काढून म्हणाली, "बरोबर आहे काका. पायरी नाही, उंबरा आहे. आता एवढं या चाकाला समजावून सांगा."

ती ओशाळलेली बाई मध्ये पडली. "अहो, आम्ही उचलून घेतो ना! आमच्याकडे येतात असे पेशंट. वॉचमन आहे, कंपाउंडर आहे, दोन मिनिटांचं काम."

"मी सामान आहे का?" ती म्हणाली.

शेवटी डॉक्टरच बाहेर आले, जिन्याखालून फळी शोधली, ती तिरकी टाकली आणि मुलगी आत गेली. मी बाहेरच उभा राहिलो. मला आठवत होतं. आठवत होतं, हेच वाईट होतं. नोंद करायला आलो तेव्हा तो संगमरवरी पट्टा मला दिसला होता. त्यावर कुणीतरी रांगोळीची दोन पावलं काढली होती, ती पुसू नयेत म्हणून मी पाय जपून पलीकडे टाकला होता. आणि पलीकडे जाऊन मोबाइलमध्ये लिहिलं होतं : पायऱ्या शून्य.

बाहेर आल्यावर तिचा अर्धा गाल बधिर होता. त्या वाकड्या तोंडानेच तिने विचारलं, "काका, अशा किती नोंदी असतील?"

"बघतो," मी म्हणालो.

घरी येऊन मी माझी वही काढली. मोबाइलमध्ये भरण्याआधी सगळं वहीत लिहायची माझी जुनी खोड आहे. पान उलटत गेलो आणि एकेक दार डोळ्यांसमोर येत गेलं. औषधाचं दुकान : उंबरा, पितळी पट्टी मारलेला. पतपेढी : उंबरा, काळा. वाचनालय : उंबरा, लाकडी, मधोमध झिजलेला. चष्म्याचं दुकान, होमिओपॅथीवाले, पिठाची गिरणी. वहीतली मोजमापं सगळी चोख. दाराची रुंदी, उताराचा चढ, कठड्याची उंची, शौचालयाचं दार कोणत्या बाजूला उघडतं, सगळं. उंबऱ्याचं एक अक्षर नाही. एकशे चौदा नोंदींपैकी सत्तर-ऐंशी ठिकाणी तरी तो होता आणि माझ्या पायाने तो दरवेळी ओलांडला होता. आपण उंबऱ्यावर बसत नाही, उभे राहत नाही, शिंकत नाही, संध्याकाळी तिथे दिवा दाखवतो. इतकं सगळं करतो, पण तो मोजत नाही. माझ्यावर विसंबून किती माणसं निघाली असतील, किती दारांतून परत फिरली असतील?

बायकोने चहा आणून ठेवला. तो निवला.

दुरुस्ती पहिल्या नोंदीपासून करावी म्हणून मी नकाशा उघडला. पहिली नोंद आमच्याच सोसायटीची. सराव म्हणून केलेली. आमची इमारत तीन मजली, पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची, बाबांनी तळमजल्यावर घर घेतलेलं. पूर्वी दाराला दोन पायऱ्या होत्या. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढत गेला, मग सोसायटीने पार्किंग उंचावलं आणि दोन्ही पायऱ्या जमिनीत गडप झाल्या. मला त्या नोंदीचा फार अभिमान होता. लिहिलं होतं : तळमजला. पायऱ्या शून्य. थेट आत. आणि हिरवा ठिपका देऊन त्याची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली होती. मुख्यतः ताईसाठी.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. चार वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. वाचा आणि जीभ मात्र शाबूत. मेहुण्यांच्या मते दोन्ही जास्तच धारदार झाल्या. पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या शेतांत ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीत ती राहते. लिफ्ट आहे, उतार आहे, दिवसभर एक मावशी सोबतीला असते. मी महिन्यातून दोनदा जातोच. राखीला मी जातो, भाऊबीजेला तर भावानेच जायचं असतं. त्यामुळे ती आजारपणानंतर आमच्याकडे एकदाही आलेली नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. येणं-जाणं चालू होतं. जाणारा मीच होतो, एवढंच.

यंदा दिवाळीनंतर आमची इमारत पाडायची आहे. पुनर्विकास. मागे एकदा ताईने विचारलं होतं, "घर नक्की कधी पाडणार रे?" मी तिला अर्धा तास करार, चटईक्षेत्र आणि बिल्डरची लबाडी समजावली. तिने ऐकून घेतलं.

तर मी आमची नोंद उघडली आणि थिजलो. आमच्या घरावर लाल ठिपका होता.

नकाशावर कुणीही नोंद दुरुस्त करू शकतं. नाव दिसत नाही, फक्त शेरा दिसतो. महिन्यापूर्वीचा शेरा होता :

"वरील नोंद चुकीची आहे. पायरी नाही; परंतु उंबरा आहे. अंदाजे पाच इंच. बांधकाम सुबक. चाक चढत नाही. घरातील माणसे प्रेमळ आहेत, उचलून घेतो म्हणतात. नको."

पूर्णविराम जागच्या जागी. अर्धविरामसुद्धा. मोबाइलवर अर्धविराम देणारी एकच बाई मला ठाऊक आहे.

ती इथे आली होती. माझ्या दारात आली होती आणि मला ठाऊक नव्हतं. मी उठलो, दाराशी गेलो आणि उंबऱ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदा. काळा ग्रॅनाइट, कडा गोल केलेल्या, पाच इंच. तो मीच बांधून घेतला होता. बाबांच्या वेळचा लाकडी उंबरा दीड इंचाचा होता. पार्किंग उंचावल्यावर पावसाचं पाणी त्यावरून आत यायला लागलं, तेव्हा मी गवंडी बोलावला, स्वतः लेव्हल लावली, लाकडावरच सिमेंट आणि ग्रॅनाइट चढवला, दार खालून कापून घेतलं. त्यानंतर पाण्याचा एक थेंब आत आला नाही. येईल त्या पाहुण्याला मी ते काम दाखवायचो. आणि हे सगळं कधी केलं? ताईच्या झटक्यानंतरच्या पावसाळ्यात. ती खुर्चीत होती. ती खुर्ची मीच पसंत करून आणली होती, तिच्या चाकांना मीच तेल दिलं होतं. तरी गवंड्याला "अजून अर्धा इंच घे" म्हणताना माझ्या डोक्यात ताई आली नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्या हातातला मोबाइल बघून तिला कळलं असावं.

"ताई कधी आली होती?" मी विचारलं.

ती पदराला हात पुसत म्हणाली, "वन्संनी शपथ घातली होती."

"कधी?"

"तुम्ही कोथरूडला ठिपके लावायला गेला होतात, त्या शनिवारी." ती खुर्चीवर बसली. "बेल वाजली म्हणून दार उघडलं तर दारात वन्सं आणि त्यांच्या मावशी. इरकल नेसल्या होत्या. गजरा होता. मला म्हणाल्या, 'न कळवता आले गं. याने हिरवा ठिपका लावलाय, म्हटलं आता काय, माहेरी जायला कुणाची परवानगी!' मावशींनी दोनदा खुर्ची रेटून बघितली. चढेना. मी म्हटलं, थांबा, वॉचमनला हाक मारते, वरच्यांचा मुलगा आहे, उचलून घेऊ. तर म्हणाल्या, नको. मी खूप म्हटलं, अहो. त्या नकोच म्हणाल्या."

"मग?"

"मग काय! दारातच बसल्या वीसेक मिनिटं. पार्किंगमध्ये. तिथून हॉल बघितला. घड्याळ तेच आहे म्हणाल्या. मान वाकडी करकरून बघत होत्या. म्हणाल्या, 'स्वयंपाकघर नाही गं दिसत इथून.' मी चहा केला. उंबऱ्यावरून देऊ नये म्हणून बाहेर जाऊन दिला. ओटी तरी उंबऱ्यापलीकडून कशी भरायची? तीही मी बाहेर येऊन भरली. तुमच्या स्कूटरच्या जागेवर." तिचा आवाज फुटला. "माहेरवाशिणीची ओटी भरली मी स्कूटरच्या जागेवर, खाली तेलाचे डाग होते. आणि जाताना म्हणतात, त्याला सांगू नकोस. मनापासून काम करतोय, त्याला वाईट वाटेल."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मोजत मी गावभर हिंडत होतो आणि आपलं मुसळ ग्रॅनाइटने मढवून ठेवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त धक्का बसला तो याचा, की कुणी सांगितलं नसतं तर मी असाच मेलो असतो. चांगला भाऊ म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी-हातोडा घेऊन दारात बसलो. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी खाली आले.

"अहो, बिल्डर पाडणारच आहे दिवाळीनंतर. तुम्ही कशाला हातभार लावताय?"

"माझा वाटा आधी देतोय," मी म्हणालो.

ग्रॅनाइट तासाभरात निघाला. खाली बाबांचा लाकडी उंबरा जसाच्या तसा होता. हळदीकुंकवाचे डाग, डाव्या बाजूला घोड्याच्या नालेसाठी मारलेल्या खिळ्याचं भोक. मी हातोडा खाली ठेवला. हा दीड इंच ठेवावा, असं मनात आलं. बाबांचा आहे, आणि दीड इंच म्हणजे काय! मी त्या मुलीला फोन लावला आणि ताईचं सगळं सांगितलं.

"दीड इंच चालतो का?"

"काका, माझ्या खुर्चीची पुढची चाकं पाऊण इंचालासुद्धा अडतात," ती म्हणाली. "पण तुम्ही मला का विचारताय? घर कुणासाठी करताय? त्यांना विचारा ना."

साधी गोष्ट. चार वर्षांत मला सुचली नव्हती. मी ताईला फोन केला.

"ताई, उंबरा काढतोय."

"तुझ्या बायकोने सांगितलं वाटतं?"

"नकाशाने सांगितलं. अर्धविरामाने."

ती हसली नाही. म्हणाली, "मग पाणी येईल की रे आत."

"येऊ दे."

तिने नाक ओढल्याचं मला ऐकू आलं. "आणि खालचा? बाबांचा?"

"तो दीडच इंच आहे."

"किती आहे ते मला सांगू नकोस. सातवीत असताना त्याला अडखळून माझा दात पडलाय." ती थांबली. "तो काढलास तरच येईन. नाहीतर परत कुणीतरी उचलू म्हणणार, आणि त्या वेळी मला नाही म्हणायला जड जाईल. घर आता थोडेच दिवस आहे."

मी करवत आणली. लाकूड सागाचं, जुनं, दोन्ही बाजूंनी चौकटीलगत कापायला दुपार झाली. उंबरा अखंड निघाला. खालची जागा सिमेंटने सपाट केली, त्यावर लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध आला. दाराखाली मात्र पाच इंचांची फट राहिली. "मांजर येईल," बायको म्हणाली आणि फटीला पोतं लावलं.

पुढच्या रविवारी ताई आली. मावशींनी दाराशी सवयीने खुर्ची मागे तिरकी केली, तेव्हा ताई म्हणाली, "अहो, सरळ चला. काही नाही तिथे." चाकं आत आली. मला आवाजसुद्धा आला नाही. मी बाजूला उभा होतो आणि मला रडू कोसळलं, तसं ती म्हणाली, "आधी बाजूला हो, रस्ता अडवतोयस."

ती स्वयंपाकघरात गेली आणि तास-दीड तास तिथेच बसली. ओट्यावरून उजवा हात फिरवला. आईची मिसळणाच्या डब्याची जागा कुठे होती ते बायकोला दाखवलं. जेवली. देवासमोर, घराच्या आत, बायकोने तिची ओटी भरली. मी तेव्हा मुद्दाम बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

निघताना तिने विचारलं, "तो लाकडी उंबरा टाकलास?"

टाकला नव्हता. बाल्कनीत उभा करून ठेवला होता. "तुला हवा?"

"इकडे दे."

मी तो पुसला आणि तिच्या मांडीवर, खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवा ठेवला. मावशींनी खुर्ची दाराकडे नेली आणि ती खट्कन थांबली. दोनदा रेटली, हलेना. मी धावत गेलो, खाली वाकून जमीन चाचपली. जमीन सपाट होती. मग वर बघितलं. उंबऱ्याची लांबी म्हणजे दाराचीच रुंदी. दोन्ही टोकं चौकटीत घट्ट अडकली होती.

ताईने त्या लाकडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बघ रे," ती म्हणाली. "इतके दिवस येऊ देत नव्हता. आता जाऊ देत नाहीये."

आम्ही सगळे तिथे तसेच उभे राहिलो. मग तीच म्हणाली, "उभा धर की. बत्तीस वर्षं काय मोजलंस?" मी उंबरा उभा केला, आणि खुर्ची बाहेर गेली.